कपाळाचं नाक

तुळशीबाईचं नाक अस्वलानं नेलं, आणि बदनाम झाला तिचा नवरा सुपडू.

त्या मुलखाची समजूतच तशी होती. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत कुठल्याही बाजारात बिननाकाची बाई दिसली, की लोक पुढचं सगळं आपल्या मनानं जुळवून मोकळे व्हायचे. बाईचं पाऊल वाकडं पडलं असणार आणि नवऱ्यानं घरातला विळा काढला असणार. तशी प्रकरणं घडतही होती, ते काही खोटं नाही. पण म्हणून जगातलं प्रत्येक नाक नवऱ्यानंच कापलेलं असायला हवं, असं थोडंच आहे? तुळशीबाई फाल्गुनातल्या एका सकाळी, नुकतं फटफटत असताना, मोहाची फुलं वेचायला टोपली घेऊन रानात गेली होती. त्याच मोहाखाली दोन पिलांची एक अस्वलीण फुलं खात होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं तेव्हा मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं. अस्वलिणीनं एकच पंजा मारला, आणि तेवढ्यात सुपडू कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला म्हणून बाकीची बाई तरी उरली.

त्यानं तिला पाठीवर घालून घरी आणलं. तिसऱ्या दिवशी तळोद्याहून फौजदार आला आणि सुपडूला घेऊन गेला. गावच्या पोलीस पाटलानं साक्ष दिली, कुऱ्हाडीला चिकटलेले अस्वलाचे केस दाखवले, तेव्हा दोन दिवसांनी तो सुटला. फौजदारानं सोडलं खरं, पण बाजारानं सोडलं नाही. बाजाराला सुटकेचा कागद कोण दाखवणार?

जखम भरली. चेहऱ्याच्या मधोमध एक भोक राहिलं. तुळशीबाई डोळ्यांपर्यंत पदर ओढून हिंडू लागली, आणि पदर ओढलेली बाई पाहिली की लोकांना आणखीच कळल्यासारखं व्हायचं. एकदा बांगड्यांच्या दुकानाशी एक बाई दुसरीला म्हणाली, "नवरानी कापं. काही करं व्हई तव्हयच कापं ना?" सुपडू पाठीशीच उभा होता. त्यानंतर बाजाराला जायची वेळ आली, की त्याला शेतात काहीतरी काम निघायचं.

हे असं दोन वर्षं चाललं. तुळशीबाईनं ते सोसलं असतं, कारण सोसण्याचं तिला वावडं नव्हतं. पण तिची लेक सोनी सोळा वर्षांची झाली, एक चांगलं स्थळ चालून आलं, सुपारी फुटायची वेळ आली, आणि मग निरोप आला की जमत नाही. कारण विचारलं तर निरोप आणणारा खाली बघत म्हणाला, "मायले नाक नही, असं म्हनतस."

त्या दिवशी तुळशीबाई चुलीपुढे बसून खूप रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "मले नाक पाहिजे."

लुगडं पाहिजे म्हणावं तसं ती म्हणाली. सुपडूला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तळोद्याचे कापडवाले छगनलाल शेठ मागे एकदा बोलले होते, की नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात सबनीस म्हणून नवे डॉक्टर आले आहेत. जर्मनांशी झालेल्या मोठ्या लढाईत ते फौजेबरोबर इराकात बसऱ्याला होते आणि तिथं त्यांनी शिपायांना नवी नाकं करून दिली. हे तुळशीबाईनं मनात जपून ठेवलं होतं. माघ महिन्यात, कापूस निघाल्यावर, दोघं बैलगाडीनं निघाली, तापी ओलांडली आणि नंदुरबारला पोचली.

डॉक्टर सबनीस पन्नाशीचे, बारीक, आणि बोलताना चष्मा कपाळावर सारायची सवय असलेले गृहस्थ होते. त्यांनी तुळशीबाईला उजेडात बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिचा पदर बाजूला केला. दोन वर्षांत कुणी परक्यानं तिचा चेहरा इतका वेळ पाहिला नव्हता. तिला पळून जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र सुतार लाकूड बघतो तसे बघत होते, आणि त्या बघण्याची तिला हळूहळू लाज वाटेनाशी झाली.

"अस्वल?" त्यांनी विचारलं.

तुळशीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदाच कुणीतरी न सांगता ओळखलं होतं. "तुम्हले कसं समजनं?" तिनं विचारलं.

"विळ्याचा घाव सरळ असतो, बाई. हा ओरबाडलाय." मग ते सुपडूकडे वळून म्हणाले, "तुम्हाला फार त्रास झाला असेल." सुपडूनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं.

डॉक्टरांनी मेण मऊ करून तिच्या चेहऱ्यावर नाकाचा आकार घडवला, तो काढून चपटा केला आणि तिच्या कपाळावर ठेवून भोवती शाईनं रेघ ओढली. पिंपळाचं पान उलटं धरावं तसा आकार झाला. मग त्यांनी समजावून सांगितलं. कपाळाची तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मध्ये देठ तसाच ठेवायचा. देठावर पान फिरवून खाली आणायचं आणि नाकाच्या जागी शिवायचं. देठातून त्याला रक्त मिळेल. पान तिथं रुजलं, की तीन आठवड्यांनी देठ तोडायचा.

"आणि हे बघा," डॉक्टर तिच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "हे गोंदण नेमकं मध्ये येतंय. ते नाकावर जाईल. नको असेल तर मी बाजूनं कातडी घेतो, पण नाक जरा लहान होईल."

तुळशीबाईच्या कपाळावर हिरवा ठिपका होता. लहानपणी तिच्या आईनं मांडीवर तिचं डोकं दाबून धरलं होतं आणि गोंदणारीनं सुया टोचल्या होत्या. सगळे दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं देवाघरी बरोबर येतं, असं आई म्हणाली होती. तुळशीबाई म्हणाली, "जाऊ द्या त्याले नाकवर. मन्हंच कातडं शे, उसनं लयेल नही, हाई तरी लोकेसले दिसी."

शेवटी डॉक्टरांनी प्रत्येक रोग्याला विचारायचे ते प्रश्न विचारले. दमा आहे का? फेफरं येतं का? विडी, चिलीम, तंबाखू?

तुळशीबाई दुखावली. "बाईमानूस इडी वढस का, डागदरसाहेब? मी तमाखूले हात बी लावत नही."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या परीनं ते शंभर टक्के खरं होतं.

शस्त्रक्रिया झाली. भुलीतून जागी झाल्यावर तुळशीबाईला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की कपाळ जळतंय, आणि दुसरं म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध काहीतरी आहे. दोन वर्षं जिथं वारा लागायचा, तिथं आता काहीतरी होतं. तिनं हात उचलला तर सुपडूनं तो हळूच धरून खाली ठेवला. नव्या नाकाच्या दोन्ही नाकपुड्यांत रबराच्या नळ्या होत्या आणि वर कापसाची दुलई.

नियम पुष्कळ होते. उताणंच झोपायचं, डोकं उंच. शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. गार वारा लागू द्यायचा नाही. दूध, अंडी, मटणाचा रस्सा पोटात गेला पाहिजे, कारण उपाशी अंगात जखम भरत नाही. सुपडू जवळच्याच धर्मशाळेत उतरला होता; तिथून तो रोज अंडी उकडून आणायचा आणि ती खाईपर्यंत समोर बसायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला कुणी समोर बसून जेवू घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाक बघायला कापूस उचलला, तेव्हा एक गंमत झाली. कपाळावर माशी बसली म्हणून तुळशीबाईनं हातानं वारलं. माशी गेली नाही. पुन्हा वारलं. सुपडू म्हणाला, "आवं, कपाळले ते पट्टी शे. माशी नाकवर बठेल शे!" डॉक्टर हसले आणि त्यांनी खुलासा केला. कातडी खाली आली, तरी तिची जाणीव देठातून कपाळालाच जाते. नाकाला हात लावला तर कपाळाला लावल्यासारखं वाटणार. तुळशीबाईनं एक बोट अलगद नाकावरच्या गोंदणाला लावलं, आणि खरंच, ते बोट तिला पट्टीखाली, कपाळाच्या मधोमध लागलं. तिला ते फार आवडलं. दिवसातून चारदा तरी ती कापसाची कड उचलून तसं करून बघायची.

चौथ्या दिवशी नाकाचा शेंडा काळसर झाला.

डॉक्टरांनी कापूस उचलला. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, उशी पाहिली, खिडकी पाहिली. देठाला कुठं पीळ बसला नव्हता. त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या उशाशी ठेवायला सांगितल्या, खिडकी लावून घेतली आणि सुपडूला बजावलं की विडी ओढायची तर फाटकाबाहेर. पाचव्या दिवशी काळेपणा आणखी वर चढला. डॉक्टर सुपडूला व्हरांड्यात घेऊन गेले. तुळशीबाईचं नाक नवं होतं, कान जुनेच होते. "उद्यापर्यंत रंग सुधारला नाही तर काढून टाकावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्यांदा कपाळावरून घेता येत नाही, असंही म्हणाले.

सुपडू आत आला आणि काही झालं नाही अशा चेहऱ्यानं अंडं सोलू लागला. सोलता सोलता त्यानं अंड्याचे तुकडे तुकडे केले. तुळशीबाईनंही काही ऐकलं नाही असं दाखवलं. तिच्या मनात सोनीचं तोंड होतं, बांगड्यांचं दुकान होतं. आता सुपडूच्या नावाला लागलेला डाग जन्मात निघायचा नाही, असं तिला वाटलं. काळजीनं जीव कासावीस झाला, की ती उशीखालची पितळी डबी काढून दात घासायला घ्यायची. घरीही तेच करायची. इथं तर दिवसभर दुसरा उद्योगच नव्हता.

डबीत मशेरी होती. खानदेशातल्या बायकांचं सकाळचं पान मशेरीशिवाय हलत नाही. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजायची, बारीक कुटायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी, आणि जीव रमत नसेल तेव्हा. गावाकडे सोनीजवळ राहिलेली सासू ही मशेरी खास सुनेसाठी भाजून नंदुरबारला येणाऱ्या गाडीबरोबर पाठवायची, आणि सुपडू दवाखान्यात येताना ती अंड्यांबरोबर आठवणीनं आणायचा. बिचारा, बायकोला आपल्या घरचंच लागतं हे जाणून होता.

सहाव्या दिवशी डॉक्टर नेहमीपेक्षा लवकर आले. तुळशीबाई खाटेवर टेकून बसली होती. डावा हात नव्या नाकाला धक्का लागू नये म्हणून आडवा धरलेला, उजव्या हाताचं बोट तोंडात.

"हे काय करताय?"

"दात घासी ऱ्हायनू."

डॉक्टरांनी डबी उचलली, वास घेतला आणि चष्मा कपाळावर सारला. "ही कशाची करता?"

तुळशीबाईनं बोट तोंडातून काढलं. "तमाखूनी," ती म्हणाली. "पन भाजेल शे, डागदरसाहेब. जाळीसन कोळसा करतस. तिन्हामा काय ऱ्हास आते?"

"विडीसुद्धा जाळूनच ओढतात ना, बाई?"

डॉक्टर चिडतील, आत्ताच नाक काढून टाकतील, असं वाटून तिनं दोन्ही हात नाकावर आडवे धरले. पण डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. "घाबरू नका. तंबाखूनं रक्ताच्या बारीक शिरा आवळतात. बसऱ्याला विडी न सोडणाऱ्या एका शिपायाचं नाक माझ्या हातून गेलंय, म्हणून मी सगळ्यांना विचारतो. ओढता का विचारलं. घासता का, हे विचारलंच नाही. माझी आई रोज मशेरी लावते, आणि तिला कुणी तंबाखूचं व्यसन आहे म्हटलं तर ती त्याला दारात उभं करणार नाही. मला सुचायला हवं होतं. चूक माझी आहे."

डबी ते घेऊन गेले. उरलं सगळं तुळशीबाईलाच करायचं होतं.

वीस वर्षांची सवय अशी एका दिवसात जाते होय? दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तोंड कडू झालं, पोट फुगलं, विनाकारण सुपडूचा राग आला. त्यात त्यानं सासूनं पाठवलेली ताज्या मशेरीची पुरचुंडी प्रेमानं पुढं केली. तिचा वास नाकात गेला, नव्या नाकात, आणि तुळशीबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. नुसतं बोट लावलं तर काय होणार आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं. आलंच, लपवायचं कशाला!

"ली जा ती," ती ओरडली. "तीच मन्हं नाक खाई ऱ्हायनी!"

सुपडूला आधी कळेना. कळलं तेव्हा तो पुरचुंडी हातात धरून तसाच उभा राहिला. "मीच लयी देत व्हतू तुले," एवढंच तो म्हणाला. त्यानं पुरचुंडी बाहेर नेऊन मातीत पुरली. मग तो फाटकापाशी लिंबाखाली बसला. तुळशीबाईला दारातून दिसत होतं. त्यानं कानावरची विडी काढली, बोटात फिरवली आणि न पेटवता फेकून दिली. त्यानंतर त्यानं दुसरी काढलीच नाही.

डॉक्टरांनी आणखी दोन दिवस थांबायचं ठरवलं. आठव्या दिवशी ते बारीक सुई घेऊन आले. लाल थेंब आला तर नाक जिवंत, नाही आला तर आशा सोडायची. तुळशीबाईनं डोळे मिटले. सुई नाकाला टोचली, आणि तिला ती कपाळात लागली.

"लागनी!" ती म्हणाली. "कपाळमा लागनी!"

डोळे उघडले तर डॉक्टर तिला आरसा देत होते. गोंदणाच्या जरा खाली एक लालभडक थेंब उभा होता. तुळशीबाईला त्या थेंबाकडे बघवेना आणि आरसाही सोडवेना. सुपडू भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

शेंड्याची ज्वारीच्या दाण्याएवढी खपली पडली, नाक तिथं जरा बसकं झालं. बाकीचं रुजलं. तीन आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांनी देठ पुष्कळ वेळ निरखला. "नियमानं हा आता तोडायला हवा," ते म्हणाले. "पण या नाकानं मला एकदा घाबरवलंय. देठ ठेवला तर भुवयांच्या मध्ये उंचवटा राहील. दिसायला बरं नाही, पण नाकाला धोका नाही."

"ऱ्हाऊ द्या," तुळशीबाई म्हणाली. "त्यानीच जगाडं त्याले."

कपाळाची जखम भरायला मात्र चैत्र संपला. तिथं गुलाबी, चकचकीत, बधिर कातडी आली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि खांडबाऱ्याहून सोनीला बघायला माणसं आली. मुलाची आई जसोदाबाई घरात बसणार, पुरुष अंगणात. पाहुणे बैलगाडीतून उतरत होते तेव्हा सोनी आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माय, पदर ली ना तोंडवर."

तुळशीबाईला ते काट्यासारखं लागलं. पण पोरीचा तरी काय दोष? एकदा मोडलं होतं. "दोन वरीस लिधा, बेटा," ती म्हणाली. "आते नही." आणि डोक्यावर पदर, चेहरा उघडा, अशी ती पाहुणीपुढं जाऊन बसली.

जसोदाबाई जाडजूड, करड्या आवाजाची बाई होती. तिनं पाहिलं. भुवयांमधला उंचवटा पाहिला, बसका शेंडा पाहिला, नाकावरचं गोंदण पाहिलं. मग रीतीप्रमाणं तिनं कमरेची डबी काढली, उघडली आणि तुळशीबाईपुढं सरकवली. बायका भेटल्या की आधी मशेरी, मग गोष्टी.

तुळशीबाईनं डबी हातानं मागं लोटली. पाहुणीची डबी नाकारणं म्हणजे अपमान, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सगळं सांगितलं. अस्वलीण, मोहाची फुलं, पान आणि देठ, मशेरी, सुई. "लोके म्हनतस, मन्हा मानूसनी इळा उचला," ती म्हणाली. "बाई, त्यानी कुऱ्हाड उचली. अस्वलवर उचली. अन् तो दवाखानामा मन्हापुढे बशीसन मले अंडा खावाडे." सांगताना तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

अंगणात सुपडू दोर वळत बसला होता. दोर वळल्याचा आवाज थांबला होता.

जसोदाबाईनं स्वतःची डबी बंद केली. सोनीनं हळदीकुंकवाचं ताट पुढं ठेवलं. जसोदाबाईनं बोटावर कुंकू घेतलं, हात तुळशीबाईच्या कपाळाकडे नेला आणि तो तिथंच अडला. कपाळ म्हणावं असं काही राहिलंच नव्हतं, नुसता गुळगुळीत व्रण होता. बोट हवेत थांबलं.

मग जसोदाबाई पुढं वाकली. तिच्या स्वतःच्या कपाळावरही तसाच हिरवा ठिपका होता. "हाई गोंदन तुम्हना कपाळनं शे ना?" ती म्हणाली. "मंग कपाळ आठेच शे." आणि तिनं कुंकवाचं बोट तुळशीबाईच्या नाकावर, बरोबर त्या ठिपक्यावर टेकवलं.

तुळशीबाईनं डोळे मिटून घेतले. जिथं लहानपणी आईनं डोकं धरून ठेवलं होतं, लग्नात सासूनं पहिलं कुंकू लावलं होतं, त्याच जागी, कपाळाच्या अगदी मधोमध, ते बोट तिला लागलं. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

जसोदाबाईनं घाबरून हात मागं घेतला. "दुखनं का, इहीनबाई?"

"नही," तुळशीबाई म्हणाली. "कपाळलेच लागनं."